पळालेल्या बसस्टॉपची मूळ लेखिका

माझं समग्र साहित्य दोह्याच्या अल थुमामा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शू-रॅकच्या वरच्या दोन फळ्यांवर मावतं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर वाकतो, पण चपला काढायला.

मी मृणालिनी वर्तक. दोह्यातल्या एका भारतीय शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. नवरा प्रताप रास लफ्फानला गॅस प्लांटवर असतो, पहाटे कंपनीच्या बसने जातो आणि संध्याकाळी दमून येतो, म्हणजे मला हक्काचा वाचक मिळतो तो असा अर्धा झोपलेला. लग्न करून नाशिकहून इथे आले तेव्हाच ठरवलं होतं की गणित पोटासाठी आणि लेखन स्वतःसाठी. पोटाचं व्यवस्थित चाललं आहे.

लिहिलं मात्र मी भरपूर आणि सगळ्या प्रकारचं. ‘सुलभ भूमिती’ हे पहिलं पुस्तक. मुखपृष्ठावर रंगीत त्रिकोण आणि वर्तुळं छापली, तर शाळेच्या लायब्रेरियनने ते हस्तकलेच्या कपाटात ठेवलं आणि अजून तिथेच आहे. मग संगीतखुर्चीत चांगला खेळाडू का हरतो यावर एक पुस्तिका. गणपतीतल्या मोदकांच्या न्याय्य वाटपावर एक पत्रक. आमच्या कंपाउंडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी रोज सकाळी एक कोडं टाकते. त्यावर हमखास एकच उत्तर येतं, “ताई, पार्किंगचं काय झालं?”

आणि माझी कादंबरी, ‘अपरिमेयाचा आक्रोश’, खंड पहिला आणि दुसरा. त्यात एक गणिताचा प्राध्यापक विरक्त होतो आणि त्याचा नास्तिक भाऊ त्याला भेटायला येतो. दुसऱ्या खंडात ते दोघे बोलतात. प्रतापने पहिला खंड भाऊ रेल्वे स्टेशनवर उतरतो तिथपर्यंत वाचला. नंतर कधी विषय निघाला की तो म्हणतो, “तो बिचारा अजून स्टेशनवरच आहे गं, सुट्टीत घेऊन येतो त्याला.”

मराठी मंडळाच्या निवडणुकीचंही सांगायला हवं. अध्यक्षपदाला तीन उमेदवार होते. साध्या मतमोजणीत बहुसंख्यांना नको असलेला माणूसही निवडून येऊ शकतो, हे मी पत्रक लिहून सिद्ध केलं आणि समितीला माझी पद्धत घ्यायला लावली. त्या पद्धतीत प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडीने तुलना करायची. केली. पोपटराव जगदाळ्यांनी दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला हरवलं, आणि तिसऱ्याने पोपटरावांना. म्हणजे जिंकलं कुणीच नाही. मी म्हणाले, “असं क्वचित होतं, पण गणितात हे फार सुंदर मानतात.” शेवटी जेवणाची ऑर्डर पोपटरावांनी दिली होती म्हणून तेच अध्यक्ष झाले. तेव्हापासून पोपटराव मला मान देतात, आणि कुठल्याही समितीत घेत नाहीत.

तर अशी मी. आता ईश्वरीची गोष्ट.

ईश्वरी आमच्या वरच्या मजल्यावर राहते, दुसरीत आहे आणि माझ्याच शाळेत आहे. तिची आई नमिता वेस्ट बेमध्ये एका इंजिनियरिंग कंपनीत आहे आणि बाबा जहाजावर, महिना महिना बाहेर. त्यामुळे शाळा सुटली की ईश्वरीला घरी आणायचं काम माझ्याकडे आलं. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत असतं, रस्ता गच्च. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. तिला मराठी सगळं कळत होतं. फक्त ते तोंडातून बाहेर काढायची गरज तिला कधी पडली नव्हती.

मी तिला कोडी घालून पाहिली. तिने खिडकीकडे तोंड केलं. “काकू, इट्स सो बोरिंग.” माझ्या लेखनावरचा तो पहिला स्पष्ट अभिप्राय होता.

एकदा आमची गाडी एका बसस्टॉपशेजारी अडकली. आपल्याकडचा नव्हे, इथला, काचेच्या खोलीसारखा, आत एसी. आत सिक्युरिटीच्या गणवेशातला एक माणूस मान टाकून झोपला होता. ईश्वरी बराच वेळ बघत होती.

“व्हाय इज नो बस कमिंग?”

“बस येतच नाही,” मी वैतागून म्हणाले, “म्हणून हा बसस्टॉपच एक दिवस उठून निघून जाणार आहे.”

“व्हेअर?”

“मराठीत विचार. या बसस्टॉपला इंग्रजी येत नाही.”

तिने मान वळवली. “ही इज इन कतार. ही शुड नो अरबी.”

मुद्दा बिनतोड होता. “येतं ना, यल्ला म्हणजे चला, आणि खलास. बाकी सगळं मराठी.”

“व्हाय?”

“त्याला बसवणारा मिस्त्री साताऱ्याचा होता. कामावर सारखा गावाकडे फोन करायचा, ते ऐकून ऐकून शिकला.”

हे तिला पटलं. पुढच्या सिग्नलला अगदी हळू, कुणी ऐकत नाही ना अशा बेताने म्हणाली, “कुठे जाते तो?”

एरवी मी तिथल्या तिथे व्याकरण दुरुस्त केलं असतं. पण तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि मागच्या लँडक्रूझरने हॉर्न वाजवला. त्या लँडक्रूझरवाल्याचे मराठी भाषेवर मोठे उपकार आहेत.

असा आमचा बसस्टॉप चालायला लागला. त्याच्या पोटात तीन माणसं होती. एक तो झोपलेला गार्ड. एक केकचा खोका मांडीवर घेतलेली बाई. आणि एक माणूस, जो बसची नाही तर मित्राची वाट बघत होता. एसी चालू असल्यामुळे आपण निघालो आहोत हे तिघांनाही कळलं नाही. बसस्टॉप वाळवंटात गेला, तर उन्हाने हैराण झालेले उंट गार व्हायला आत शिरले. ईश्वरी म्हणाली, “उंट घामाळले आहेत.” घामाळणे असा शब्द मी तरी मराठीत ऐकला नव्हता. पण मी कितीतरी वर्षं मे महिन्यात दोह्यात राहते आहे, आणि त्या शब्दाची गरज आहे हे मला पक्कं ठाऊक आहे.

पुढे कुठे जायचं यावर उंटांत आणि माणसांत वाद झाला. मला फार आनंद झाला. मी मतदानाची माझी पद्धत गोष्टीत आणली आणि जोडीने तुलना समजावून सांगू लागले. ईश्वरीने मला थांबवलं.

“नको काकू, भांडण होते. जो पहिले रडेल, त्याचं ऐकायचं.”

सर्वात मोठ्या उंटाने ताबडतोब रडायला घेतलं आणि सगळे समुद्राकडे गेले. माझं पत्रक यासमोर लंगडंच होतं.

मला ही गोष्ट म्हणजे वेळ घालवायचा चाळा वाटायची. गाडी बंद केली की मी ती विसरायचे आणि वर जाऊन कादंबरीच्या तिसऱ्या खंडाला भिडायचे.

अशात पोपटरावांचा फोन आला. “वर्तकताई, मंडळाची साहित्य-संध्याकाळ ठेवलीय. तुम्ही काहीतरी बोला.” जरा थांबून म्हणाले, “निवडणूक सोडून.”

मी विषय दिला, ‘एका व्हिक्टोरियन गणितज्ञाचं बहुविध साहित्य’. विषय निवडण्यामागे माझा एक हेतू होता आणि तो उदात्त नव्हता. या इंग्रज गृहस्थाचं नाव सगळ्या जगाला मुलांच्या गोष्टींमुळे, सशामागे बिळात उतरणाऱ्या मुलीमुळे ठाऊक आहे. पण तो विद्यापीठात गणित शिकवायचा. त्याने भूमितीवर लिहिलं, तर्कशास्त्र खेळासारखं शिकवणारी पुस्तकं लिहिली, शब्दकोडी रचली, विडंबनं केली. मतमोजणीवर पत्रकं काढली. टेनिसच्या स्पर्धेत दुसरं बक्षीस चुकीच्या माणसाला कसं जातं यावर लिहिलं, पत्र कसं लिहावं यावर पुस्तिका काढली, आणि म्हातारपणी दोन खंडांची एक जाडजूड कादंबरी लिहिली, जी फारशी कुणाला आवडली नाही. मी वाचत गेले तसा माझा ऊर भरून येऊ लागला. भूमिती, कोडी, मतमोजणी, स्पर्धा, दोन खंड! लोक दोन आणि दोन चार करून माझ्याकडे बघतील अशी मला आशा होती. प्रतापला भाषण वाचून दाखवलं. तो म्हणाला, “छान आहे. पण लोकांना त्याच्या मुलांच्या गोष्टी माहीत आहेत. तुझ्या कुठल्या?”

मी त्याला झोपायला सांगितलं.

कार्यक्रमाला फार गर्दी नव्हती. पहिल्या रांगेत पोपटराव आणि समिती, मागे नमिता आणि ईश्वरी, आणि दाराशी समोशांच्या टेबलाजवळ काही मंडळी, जी साहित्याच्या बाजूने होती की समोशांच्या, ते सांगता येत नव्हतं. मी जोरात बोलले. जगाने या थोर माणसावर अन्याय केला, असं म्हणाले. त्याचं गंभीर कार्य धूळ खात पडलं आणि फावल्या वेळेत मुलींना नावेत बसवून सांगितलेली एक गोष्ट तेवढी डोक्यावर घेतली गेली. “लेखकाचं मोजमाप,” मी टेबलावर हात आपटला, “त्याच्या करमणुकीवरून करायचं नसतं!” टाळ्या पडल्या. समोसे गरम आहेत तोवर संपलं, याच्या होत्या बहुधा.

“कुणाला काही प्रश्न?” पोपटरावांनी विचारलं.

नमिता उठली. मला वाटलं, इंजिनियर आहे, तर्कशास्त्राबद्दल विचारेल.

“काकू, तो बसस्टॉप लासलगावच्या एसटी स्टँडवर पोचतो, तो भाग तुमचा की माझ्या आईचा?”

लासलगाव माझ्या गोष्टीत कुठेच नव्हतं. “कुठला बसस्टॉप?” पोपटरावांनी विचारलं. मी म्हणाले, “काही नाही, लहान मुलांचं आहे.” पण नमिता सांगू लागली. तिची आई तानूबाई लासलगावला असते. वडील गेल्यावर तिने एसटी स्टँडवर चहाचं कँटीन चालवून नमिताला शिकवलं. ईश्वरी रोज संध्याकाळी आजीशी व्हिडिओ कॉलवर बोलते, आणि हल्ली दोघींचं बोलणं संपतच नाही. बसस्टॉप कुठे गेला, काय झालं. आजी त्यात भर घालते, नात ऐकून घेत नाही, दोघी भांडतात.

“मला सांग ना गं,” पोपटराव ईश्वरीला म्हणाले.

ती पुढे आली. मी माईक तिच्या उंचीला खाली केला, माझ्या हातून झालेलं त्या दिवसातलं ते एकमेव उपयोगी काम. तिने मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगितलं. उंट रडला, समुद्र आला, बसस्टॉप पलीकडे गेला आणि लासलगावला पोचला. तिथल्या एसटी स्टँडने त्याला झापलं, “काय रे, तू दार लावून का बसतो? माणसं कशी येणार?” मग बसस्टॉपने दार उघडलं, एसी वाया गेला, पण आत पन्नास माणसं आली आणि एक बकरी. बकरीने केक खाल्ला. लोक हसत होते. समोशांच्या टेबलाजवळचे लोक हातात प्लेट धरून खुर्च्यांवर येऊन बसले. एक गृहस्थ डोळे पुसत होते, हसून हसून. मी बाजूला तर्कशास्त्राची टिपणं छातीशी धरून उभी होते आणि माझ्या मनात स्पष्ट, खणखणीत एकच विचार होता की बकरी माझी नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी विषय काढलाच. “ईश्वरी, बसस्टॉप लासलगावला पोचेलच कसा? मध्ये समुद्र आहे.”

“ओहोटी येते ना. आजी म्हणाली, थांबायचं.”

“किती वेळ थांबेल?”

“काकू,” ती मला समजावत म्हणाली, “तो बसस्टॉप आहे. त्याला वाट बघायची सवय असते.”

मी आयुष्यात इतकं नेटकं कारण कुठल्याही सिद्धतेत दिलेलं नाही. त्यामुळे जास्तच राग आला. घरी आल्यावर नमिताकडून नंबर घेतला आणि तानूबाईंना आवाजी निरोप पाठवला. फार सभ्य भाषेत. नमस्कार, मी मृणालिनी वर्तक, या कथेची मूळ लेखिका. आपण केलेली भर वाचनीय, म्हणजे श्रवणीय आहे, तथापि कथानकाची मूळ दिशा लक्षात घेता, वगैरे. ‘तथापि’ मी खरंच म्हणाले.

संध्याकाळी उत्तर आलं. मागे कुकरच्या शिट्ट्या.

“हां बाई, तुम्ही का त्या मूळ. बरं झालं बोलल्या. लई चांगलं काम केलं तुम्ही. पण एक सांगू का, तुमच्या गोष्टीत कोणी काही खात का न्हाई? ती बाई केक घेऊन बसली ती बसलीच. इतक्या लांबचा परवास आन् माणसं उपाशी. म्हणून मी बकरी घातली.” मग आवाज उतरवून, “पोरगी आधी फोन तोंडासमोर धरून नुसती बसायची हो. मी म्हणायची, जेवली का, ती म्हणायची यस. मी म्हणायची, शाळेत गेली व्हती का, ती म्हणायची यस. मंग मी बी गप. मला वाटायचं, मी मेल्यावर हिला माझा आवाज तरी आठवंल का. आता मलाच म्हणती, आजी, तू चुकीचं सांगते. इतकं बरं वाटतं बाई.”

मी तो निरोप पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला, पण तेव्हा फक्त ‘लई चांगलं काम केलं तुम्ही’ एवढाच तुकडा, हे लपवण्यात अर्थ नाही. प्रतापलाही ऐकवला. तो पूर्ण ऐकेपर्यंत जागा होता. म्हणाला, “या बाईंनी तुझ्या त्या स्टेशनवरच्या भावाला निदान चहा तरी दिला असता.”

हिवाळ्यात तानूबाई लेकीकडे आल्या. नमिताला ऑफिसातून निघता येईना, म्हणून विमानतळावर मी आणि ईश्वरी गेलो. नऊवारी, खांद्यावर शाल, ट्रॉलीवर लसूण आणि शेवयांचा खोका. ईश्वरी धावत गेली. मी नमस्कार केला. तानूबाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “तुम्ही आवाजापेक्षा बारीक निघाल्या.”

मंडळाच्या अंकासाठी पोपटरावांनी बसस्टॉपची गोष्ट मागितली होती. मी विचारलं, माझ्या तिसऱ्या खंडातला एखादा उतारा चालेल का. ते म्हणाले, “ताई, बसस्टॉपच द्या. माझी मुलं विचारतायत.” मग आम्ही तिघी नमिताच्या डायनिंग टेबलाशी बसू लागलो. आजी-नात सांगायच्या, मी लॅपटॉपवर टाइप करायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेखनाची कुणी वाट बघत होतं, आणि ते माझं नव्हतं.

एकदा मात्र राहवलं नाही. त्या दोघी शेवया खात होत्या, तेवढ्यात मी एक परिच्छेद घातला. बसस्टॉप रात्री ताऱ्यांखाली उभा राहून अनंताबद्दल विचार करतो. चांगला उतरला होता. मी तो वाचून दाखवला.

तानूबाईंनी बोटं चाटली. “हे कोण बोलतंय?”

“बसस्टॉप.”

“न्हाई बाई. हे तुम्ही बोलताय.”

ईश्वरीने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “खलास काकू. काढून टाका.”

मी काढला. पहिल्यांदा दुखलं. मग वर-खाली वाचून पाहिलं आणि तो गेल्याने काही अडलं नाही, उलट बकरी लवकर आली. माझ्या दोन खंडांत अशी किती पानं असतील याचा हिशोब मी मुद्दाम केला नाही, काही प्रमेयं सिद्ध न केलेलीच बरी.

अंक आला. ‘कथा : ईश्वरी आणि तानूबाई. शब्दांकन : मृणालिनी वर्तक.’ माझं नाव बारीक टाइपात. अल अझीझियातल्या एका बाईंचा फोन आला की मुलगा घामाळलो, घामाळलो म्हणत घरभर फिरतोय. शाळेत ईश्वरीच्या वर्गात आणखी दोन मराठी मुली आहेत, राजश्रीच्या जुळ्या. राजश्री माझीच सहकारी. तिने विचारलं की दुपारी त्यांनाही गाडीतून आणाल का, त्यांना गोष्ट ऐकायची आहे. मी थोडी लाजून म्हणाले, “अगं, माझी कसली गोष्ट.” ती म्हणाली, “तुमची नाही हो, आजींची.”

तानूबाई परत गेल्यावर आता दुपारी त्या लासलगावहून फोनवर असतात, फोन डॅशबोर्डवर. मागच्या सीटवर तीन मुली एकमेकींच्या अंगावर ओरडत मराठीत भांडतात, व्याकरणातली लिंगं चुकवतात, शब्द बनवतात. नवी गोष्ट सुरू झाली आहे, एका विहिरीची, जिला फिरायला जायचं आहे. विहीर चालली तर पाणी सांडेल की नाही, याबद्दल मला काही सांगायचं होतं, त्यात घनफळाचा एक छान मुद्दा होता. पण गाडी चालवताना मी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं आहे. सिग्नलला बोललं तर चालतं.